आंबा घाटात भाजलेला हात

ज्या अडत्याने मला सुपारीच्या सौद्यात बुडवले असे मी सबंध पावसाळाभर रत्नागिरीच्या बाजारात ओरडून सांगत होतो, त्याचे नाव इथे घालत नाही. तो कोल्हापूरचा, एवढे पुरे. माझ्या दुखण्याची हकिगत त्याच्यापासूनच सुरू होते, म्हणून त्याला इथे जागा द्यावी लागते आहे. नाहीतर दिली नसती.

मी नाट्याच्या बंदरावर दुसऱ्यांचे नारळ डोक्यावर वाहून धंदा शिकलो. पुढे गुहागरची सुपारी घाटावर पाठवू लागलो, रत्नागिरीत घर बांधले, धाकट्या भावाला, सदूला, शिकवून धंद्यात घेतले. विलायतेला परत निघालेल्या एका साहेबाची उघडी मोटार, तो कंटाळून हो म्हणेपर्यंत घासाघीस करून घेतली. मला कोणी फसवलेले मला सहन होत नाही. अजूनही होत नाही.

आमच्या धंद्यात मोठा सौदा तोंडाने होत नाही. दोघे समोरासमोर बसतात, हातांवर पंचा टाकतात आणि पंचाखाली समोरच्याच्या तळहातावर बोटे दाबून भाव सांगतात. तीन बोटे म्हणजे तीन, चार म्हणजे चार. भोवती बसलेल्यांना काही कळत नाही, आणि एकदा मान हलली की शब्द फिरवायचा नाही. त्या दिवशी मी चार बोटे दाबली. त्याने लगेच मान हलवली. पंचा काढल्यावर म्हणाला, "तीन ठरले."

"चार," मी म्हणालो.

"शेठ, देवाशपथ, तीन दाबलीत तुम्ही."

पुढे जे झाले त्यात त्याचा फेटा माझ्या हातात आला आणि माझा सदरा फाटला. माल त्याच्या भावाने गेला.

पावसाळा सरल्यावर आम्ही नवराबायको मोटारीने निघालो. माझी बायको रमा हिला तुळजापूरला जायचे होते. आम्हाला मूलबाळ नाही. सदूची मुलगी यमू हीच आमच्या मांडीवर वाढली. तिचे लग्न चांगल्या घरी जमावे म्हणून रमाने देवीला बोलून ठेवले होते. मला वाटेत कोल्हापुरात त्या अडत्याचा समाचार घ्यायचा होता. दोघांची कामे एकाच रस्त्यावर होती म्हणून मी तिला लगेच हो म्हटले.

घाटात

आंबा घाटात मोटार तापते. अर्ध्या चढावर थांबून पुढचे झाकण काढायचे, वाफ जाऊ द्यायची आणि पाणी ओतायचे, हे दरवेळचेच. मी चिंधीने झाकण धरून सैल करत उभा होतो आणि रमाला त्या सौद्याची गोष्ट पुन्हा सांगत होतो. रमा पाण्याचा डबा घेऊन जवळ आली आणि थबकली.

"अहो, कसला जळका वास येतोय?"

"इंजिनाचा असेल. तू ऐक. तीन म्हणतो मेला! चार बोटं दाबली होती मी, ह्या हातानं..."

"अहो हात! हात उचला आधी!"

मी खाली पाहिले. झाकण फिरवताना माझ्या हाताची करंगळीकडची कड तापलेल्या पत्र्यावर टेकली होती. किती वेळ टेकली होती कोण जाणे. मी हात उचलला तर कातडीचा एक पापुद्रा तिथेच राहिला. वास माझाच होता.

मला काही म्हणजे काहीच झाले नाही. आग नाही, झिणझिण नाही. मी रमाकडे पाहिले, तर ती डबा छातीशी धरून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी हसलो. "कोकणातलं कातडं आहे ते," असे काहीतरी बोललोही. ती हसली नाही. डब्यातले पाणी माझ्या हातावर ओतले, पदराची किनार फाडून बांधली, आणि मलकापुरात डॉक्टरला दाखवायचेच म्हणाली.

टाचणी

मलकापूरच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होता. त्याने जखम धुतली, मेलेली कातडी कात्रीने काढली. मी ताठ बसून होतो.

"घाबरू नका डॉक्टर, चालू द्या. मी हूं की चूं करणार नाही."

"ते खरंच," तो सावकाश म्हणाला. "तुम्ही काहीच करत नाही आहात."

मग तो मला म्हणाला, डोळे मिटा, टाचणी टोचली की सांगा. मी डोळे मिटले. बराच वेळ गेला. मला राग यायला लागला.

"टोचा की मग! किती वाट बघायची?"

मी डोळे उघडले. टाचणी माझ्या करंगळीत उभी होती.

आज इतके सगळे होऊन गेले, सुया टोचून घेऊन दंडाची चाळण झाली, तरी मला आठवते ती हीच टाचणी. ती माझ्याच बोटात आहे हे मला डोळ्यांनी कळले. एखाद्या परक्या माणसाचे बोट आपल्या हाताला लावून ठेवावे, तसे ते दिसत होते.

डॉक्टरने माझी बाही वर केली. कोपरावर एक फिकट चट्टा होता. मी त्याला नायटा समजत असे. मग कोपराच्या आतल्या बाजूला त्याने बोटाने चाचपले, तिथे सुंभासारखी एक जाड शीर त्याला लागली. त्याने रमाला बाहेर जायला सांगितले.

"मी कुठं जायची नाय," रमा म्हणाली. "काय ते माझ्यासमोर बोला."

"महारोग," तो म्हणाला.

आमच्याकडे याला रगतपिती म्हणतात, आणि तेही मोठ्याने म्हणत नाहीत. असा शब्द कानावर आल्यावर माणूस रडतो, देवाचे नाव घेतो, असे ऐकले आहे. मी घासाघीस केली. म्हणालो, सांधेवात असेल. तो नाही म्हणाला. म्हणालो, मोटार चालवून हात बधिर होतात पुष्कळांचे. नाही म्हणाला. मी म्हणालो, बरे, रगतपिती तर रगतपिती, पण अगदी सुरुवातीची, नावापुरती म्हणा. त्याला माझी कीव आली असावी. "सुरुवातीचीच आहे," तो म्हणाला. "पण आहे." निजामाच्या मुलुखात, सोलापूरच्याही पुढे, या रोगाचा एक दवाखाना आहे आणि तिथे कडूकवठाच्या तेलाची सुई देतात, असेही त्याने सांगितले. कडूकवठाची झाडे आमच्या परड्यामागे ओढ्याकाठी आहेत. त्याच्या बिया आम्ही लहानपणी एकमेकांना फेकून मारत असू.

पंचाखाली

मलकापूर सोडल्यावर एका विहिरीपाशी थांबलो. रमाने फडक्यात बांधलेली भाकरी सोडली, माझा वाटा वेगळा काढून माझ्यापुढे ठेवला आणि आपला घेऊन विहिरीच्या पलीकडच्या कठड्यावर जाऊन बसली. लग्न झाल्यापासून प्रवासात आम्ही एकाच फडक्यावर जेवत आलो.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "आत्ताच? अजून बोटं गळली नाहीत माझी!"

"ओरडू नका."

"ओरडणार! बायको ना तू?"

"मला भ्यायला तरी वेळ द्याल की नाय?" ती म्हणाली. "तुमच्या हातावर आलंय. माझ्या अख्ख्या जन्मावर आलंय. विहिरीचा कठडा तेवढा मधे आहे, तर लगेच बायको ना तू!"

मी माझी भाकरी तोडली. हे वाचणाऱ्यांपैकी ज्याच्या घरी हा रोग असेल त्याला सांगतो, की पहिल्या दिवशी घरचे माणूस दूर सरकले तर त्याचा हिशेब मनात धरू नका. मी धरला होता, आणि त्याने माझेच दिवस वाईट गेले.

जेवण झाल्यावर ती आपणहून आली. माझा पंचा घेतला, आमच्या दोघांच्या हातांवर टाकला.

"चार दाबा."

मी तिच्या तळहातावर चार बोटे दाबली. चांगली जोर लावून दाबली. तिने माझ्याकडे पाहिले आणि पंचा काढला. माझी तीन बोटे तिच्या हातावर टेकली होती. करंगळी अर्धवट वाकून हवेतच राहिली होती. मी त्या करंगळीला दाब म्हणत होतो, आणि ती दाबते आहे असे समजत होतो.

त्या अडत्याने खरे तेच सांगितले होते. कोल्हापुरात शिरलो तेव्हा त्याची पेढी उजव्या हाताला लागली. तो गादीवर बसलेला दिसला. मी मोटार तशीच पुढे नेली. त्याची माफी मागितली का, असे कोणी विचारील. नाही मागितली. सदरा माझाही फाटला होता, आणि त्याने मला दिलेल्या शिव्या माझ्यापेक्षा कमी नव्हत्या.

पूर्वेचा रस्ता

कोल्हापूर, मिरज, सांगोला, सोलापूर. रस्ता जसा पूर्वेला जातो तशी झाडे कमी होतात आणि माणसांची चौकशी वाढते. चहाच्या झोपडीत, धर्मशाळेत, पंक्चर काढायला थांबलो तिथे, प्रत्येक जण हाताला काय झाले म्हणून विचारी.

"मोटारीनं भाजलं," रमा सांगे.

"फार दुखत असेल?"

"कसलं हो, अगदी ढेकूळ आहेत," ती म्हणे, आणि लोक हसत. हे बोलताना ती माझ्याकडे बघत नसे. सोलापूरच्या अलीकडे एका लिंबाखाली बसलो होतो, तेव्हा ती पुन्हा माझ्या फडक्यावर येऊन बसली. मी चटणी तिच्याकडे सरकवली.

सोलापुरातून मी सदूला सगळे कळवले. तो मला मुलासारखा. त्याच्यापासून काय लपवायचे, असे तेव्हा वाटले.

निजामाच्या हद्दीवर नाका लागला. मोटारीत सुपारीचे एक पोते होते, वाटखर्चाला विकू म्हणून घेतलेले. नाक्यावरच्या जमादाराने त्यावर मनाला येईल तेवढा कर सांगितला आणि माझे डोके फिरले. मी त्याला सुपारीच्या जाती, त्यांची किंमत, त्याची अक्कल, सगळे ऐकवले.

"काय को लडते सेठ?" तो म्हणाला. "जाना किधर है?"

मी दवाखान्याचे नाव सांगितले. रागात होतो, तोंडातून निघून गेले. जमादाराने लेखणी खाली ठेवली. पोत्याकडे पाहिले, माझ्या बांधलेल्या हाताकडे पाहिले, आणि दोन पावले मागे जाऊन फाटक उघडायला सांगितले. कर घेतलाच नाही. आयुष्यात एवढी मोठी सूट मला कोणी दिली नव्हती. नाका मागे पडल्यावर मी मोटार थांबवली आणि ढसाढसा रडलो. महारोग हा शब्द मला मलकापुरात कळला. त्याचा अर्थ त्या नाक्यावर कळला.

तुळजापुरात रमा एकटीच पायऱ्या उतरून देवळात गेली. मी मोटारीपाशी थांबलो. मला कोणी अडवले नव्हते.

दवाखाना

दवाखाना म्हणजे भोवती तारेचे कुंपण, आत शेती, विहीर, आणि रांगेने खोल्या. पहाटे घंटा होई. जो चालू शकतो त्याने काम करायचे, हा नियम. मला भाजीचे वाफे दिले. ठरलेल्या दिवशी सगळे ओळीने उभे राहात आणि तेलाची सुई घेत. तेल घट्ट, सुई जाड. टोचलेल्या जागी गोळा येई आणि ताप भरे. आम्ही शिव्या देत असू: तेलंगी, कानडी, मराठी, उर्दू. एकमेकांचे बाकी काही कळत नसले तरी शिव्या कळत.

पहिल्या दिवशी तिथली माणसे पाहून मी खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसलो. ज्यांची बोटे गेली होती, नाके बसली होती, ती माणसे माझ्याकडे बघून हसत होती, नव्या माणसाकडे बघून हसावे तसे. मला वाटले, हा माझा आरसा आहे. डॉक्टर आले. वयस्क, हळू बोलणारे. म्हणाले, "रोग बोटं खात नाही. बोटाला दुखत नाही, म्हणून माणूस ते जाळतो, कापतो, ठेचतो आणि तसंच ठेवतो. बोटं अशानं जातात. तुमच्या हाताला आता तुमचे डोळे राखण ठेवा."

हे मी सगळ्यांना सांगतो. रोज संध्याकाळी हात धुवा, पाय धुवा, उजेडात धरा आणि निरखून बघा. काटा, फोड, भाजल्याची खूण. कातडी सांगणार नाही. भांडे चुलीवरून उतरवाल ते फडक्याने, आणि फडके धरलेला हात कुठे टेकला आहे ते बघून.

रमाला आत राहायची परवानगी नव्हती. तिने जवळच्या खेड्यात एका विधवा बाईकडे खोली घेतली. तिला परत जा म्हणून मी सांगितले, दटावले, एकदा कुंपणातून खडाही मारला. "नेम चुकला," ती म्हणाली. "करंगळी कामाला लावा." रविवारी ती कुंपणापाशी येई. तिला ज्वारीची भाकरी थापता येईना. मोडके तुकडे आणून दाखवी आणि आम्ही दोघे कोकणातल्या भाताच्या आठवणी काढत बसू. भात, कुळथाचे पिठले, भाजलेला सुका बांगडा. रोगाबद्दल आम्ही क्वचितच बोललो असू.

होळी गेली, पाऊस येऊन गेला. चट्ट्याची कड विरत चालली. एक दिवस चट्ट्यावर सुई देताना मी ओरडलो ते खोलीबाहेर ऐकू गेले, आणि तिथे कळायला लागले म्हणून डॉक्टर खूश झाले. करंगळी मात्र वाकडी राहिली, ती राहणारच. दिवाळीनंतर त्यांनी सांगितले, की माझ्यापासून कोणाला बाधा होण्याचे भय नाही. घरी जा, सुया रत्नागिरीत चालू ठेवा. मी घरी कळवले. उलट सदूचा निरोप आला: थेट घरी येऊ नका, मी साखरप्याला भेटतो.

साखरपे

येताना घाट उतरलो तेव्हा मोटार तापली नाही. उतार असतो. साखरप्याला वडाखाली सदू उभा होता. मला वाटले धावत येईल. तो चार हातांवर थांबला.

"दादा, बरे दिसताय."

"बरा आहे. तू एवढ्या लांब का?"

"यमूचं लग्न ठरलंय, दादा. पालीच्या गोविंदरावांच्या मुलाशी. माघात आहे."

रमाने देवीच्या दिशेने हात जोडले. मी म्हणालो, "मग तोंड असं का? पेढे काढ!"

सदू पायाने माती उकरत होता. "पालीच्या लोकांना मी सांगितलंय, दादा व्यापारासाठी हैदराबादेस आहेत. तसंच राहू दे. नाट्याच्या बागेतला मांगर साफ करून घेतलाय. कौलं नवी घातलीत. तिथं तुम्हाला काय कमी पडू देणार नाय. वहिनी घरी राहतील."

तो मांगर म्हणजे बागेतली झोपडी. आम्ही तिथे झावळ्या आणि नारळाची सोडणे टाकत असू. घर मी बांधलेले. त्या घरात सदूचे लग्न मी लावले.

"भावजी," रमा म्हणाली, "माझी वाटणी कुणी केली? मला विचारलंत?"

"वहिनी, पोरीचं लग्न मोडेल हो. एकदा मोडलं की तिला दुसरं घर कोण देईल? तुम्हीच सांगा."

हे खोटे नव्हते. म्हणूनच ते जास्त लागले. यमूचे लग्न मोडायचे की मी माझ्या घरात पाय ठेवायचा, असे त्याने माझ्यापुढे टाकले होते, आणि वर कौले नवी घातली म्हणून सांगत होता.

"पाली वाटेवरच आहे," मी म्हणालो आणि हँडल मारायला उतरलो.

"दादा, नको! तुमच्या पाया पडतो!"

मी काही धर्मराज होऊन निघालो नव्हतो. मी संतापलो होतो. पण एक गोष्ट मला पक्की कळत होती: खराब सुपारी तळाशी घालून वर चांगली रचून दिलेले पोते कधी ना कधी उघडतेच, आणि तेव्हा सबंध गाव बघायला असतो. यमूला तसे सासरी पाठवायचे नव्हते. मोटार हलली तसा, आतापर्यंत मडगार्डला हात लावायला कचरणारा सदू धावत येऊन मागच्या बाजूला चढला.

पाली

गोविंदराव ओटीवर सुपारी कातरत बसले होते. जाडजूड, मिशाळ माणूस. "या, या, हैदराबादकर!" म्हणाले. मी बसलो नाही. बाही वर केली, चट्टा दाखवला, करंगळी दाखवली. कुठे होतो, का होतो, डॉक्टर काय म्हणाले, सगळे सांगितले.

"बाजारातून कळण्याआधी तुम्हाला माझ्या तोंडून कळावं म्हणून आलो. मोडायचं तर आत्ता मोडा. पण पोरीला नावं ठेवाल तर ह्याच हातानं..."

"अहो!" रमा म्हणाली.

सदू पायरीवर डोके धरून बसला होता. गोविंदरावांनी अडकित्ता खाली ठेवला. उठले. मला वाटले, आता बाहेरची वाट दाखवणार. त्यांनी पुढचे दार लावून घेतले, कडी घातली, आणि म्हणाले, "आत चला. डोकं सांभाळा, दार बुटकं आहे."

स्वयंपाकघर ओलांडून, भाताच्या कणगीमागे एक खोली होती. खिडकीला आतून गोणपाट मारलेले. कोपऱ्यात घोंगडीवर एक म्हातारी बसलेली, केस पांढरे, स्वच्छ विंचरलेले. हात पदराखाली होते. आम्हाला पाहून तिने ते आणखी आत ओढले.

"माझी आई," गोविंदराव म्हणाले.

सदूच्या तोंडून निघून गेले, "पण त्या तर काशीला..."

"काशीला वारल्या. असं आम्ही सांगितलं."

मी खूप ठिकाणी खूप माणसे पाहिली होती त्या वर्षात. पण असे घर पाहिले नव्हते. मी तिच्यासमोर खाली बसलो. म्हातारी माझ्याकडे बघत होती.

"दरसाल श्राद्ध घालतात माझं," ती म्हणाली. तक्रार नव्हती, नवख्या पाहुण्याला घरची माहिती द्यावी तसे बोलत होती. "अख्खी आळी जेवायला येते. वड्यांचा वास इथवर येतो. मला पण देतात हो दोन. सून चांगले करते."

गोविंदराव भिंतीकडे तोंड करून उभे होते.

"तू ती सुई घेतलीस?" म्हातारीने मला विचारले. ती दाराआडून सगळे ऐकत होती. "फार दुखते काय रे?"

"दुखते, आये."

"मग बरं," ती म्हणाली. "मला कशानंच काय होत नाय."

ओटीवर परत आल्यावर गोविंदराव म्हणाले, "मी तुम्हाला कधी सांगणार होतो कोण जाणे. आता तुम्हीच मोडा. तुमच्याकडे बोट दाखवायला मला तोंड नाही."

"मी मोडत नाही," मी म्हणालो. "लग्न होईल. मी मांडवात बसेन, आणि तुमची आई माझ्या शेजारी बसेल. आणि ती आज आमच्याबरोबर रत्नागिरीला येईल. माझ्या घरी राहील. तिला सुया टोचून घेऊ."

"आज? लग्न तरी उरकू दे!"

"आज."

"अहो, अख्खी आळी श्राद्ध जेवलीय! काय सांगू त्यांना?"

"काशीचं पाणी मानवलं म्हणून सांगा!"

"आठ दिवस तरी..."

"आज."

ते निम्म्यावर आले, पाव हिश्श्यावर आले. मुलाची समजूत काढू दे म्हणाले, मोटारीला पडदे लावून मागल्या वाटेने नेऊ म्हणाले. मी एकच शब्द सांगितला आणि त्यावरच बसून राहिलो. सदूकडे मी एकदाच पाहिले. एका रोग्याला घरात घ्यायला तयार नसलेल्याच्या दारात मी दोन घेऊन जाणार होतो. तो नाही कसे म्हणणार? पोरीचे लग्न आता त्या म्हातारीवाचून होणार नव्हते.

पुढचे थोडक्यात सांगतो. लग्न माघातच झाले. यमू सुखात आहे. मी माझ्या घरात, माझ्या खोलीत बसून हे लिहितो आहे, आणि भिंतीपलीकडे म्हातारी सदूच्या बायकोला वडे कसे करायचे ते शिकवते आहे. तिच्या गेलेल्या बोटांचे काही होणार नाही. पण तिच्या अंगावरच्या जखमा भरल्या. लग्नाला काही घरे जेवायला आली नाहीत. त्यांची नावे मला पाठ आहेत. आणि तुमच्या घरी कणगीमागे कोणी बसले असेल, तर त्या माणसाला बाहेर आणा, एवढे सांगण्यासाठी मी ही लेखणी धरली, जी मला नीट धरता येत नाही.

पण त्या दुपारी आमचे दोघांचे ओटीवर अजून चालूच होते. गोविंदराव अंधार पडेपर्यंत थांबा म्हणत होते आणि मी नकाराची मान हलवत होतो. एवढ्यात आतून रमा आली. म्हातारीच्या खांद्यावर स्वतःची शाल घातली होती, कमरेला हात घालून तिला धरले होते.

"या दोघांचं संपेपर्यंत आपण मोटारीत बसू, आये," ती म्हणाली, आणि आमच्या मधून चालत जाऊन तिने पुढच्या दाराची कडी काढली.

बाहेर लख्ख ऊन होते. म्हातारीने डोळ्यांवर हात धरला, बोटे गेलेला तो हात, सगळ्या रस्त्यादेखत, आणि एक एक पायरी उतरली. रमाने तिला पुढच्या बाजूला बसवले. समोरच्या घरातली बाई गवताचा भारा डोक्यावर घेऊन येत होती. ती मोटारीपुढे आली आणि जागच्या जागी थांबली. भारा डोक्यावर तसाच.

म्हातारी डोळे बारीक करून तिच्याकडे बघत राहिली. मग ओळखून म्हणाली, "काय गो आनशे, तुझी म्हैस व्याली काय?"

आनशीचे तोंड उघडे होते.

"व्याली," ती म्हणाली. "पारडी झाली."